एकोणपन्नास मिनिटांची गैरसोय

अंतर हा कौस्तुभ पांढरीपांडे याचा सगळ्यात उपयोगी नातेवाईक होता. नागपूर ते कॅलगरी अकरा हजार नऊशे किलोमीटर, दोन ठिकाणी विमान बदलून सत्तावीस तास. बावीस वर्षं हा नातेवाईक त्याच्या पाठीशी उभा राहिला. चुलतभावाच्या मुलाची मुंज असो, बाबांचा मोतीबिंदू असो, ताईनं घर बदलणं असो, कौस्तुभनं तोंड उघडायच्या आत अंतर पुढे व्हायचं. लोकही समजूतदार. "नाही न बाप्पा, एवढ्या लांबून कुठे येते," असं म्हणून जो आला नाही त्याचीच समजूत घालायचे.

तीन वर्षांपूर्वी हा नातेवाईक गेला. बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर होती, रंगीत फोटोसह. नागपूर-कॅलगरी झेपयान सुरू. वेळ : एकोणपन्नास मिनिटे.

त्याला ही बातमी आधी बाबांनी समजावून सांगितली. दिगंबर पांढरीपांडे हे भूमी अभिलेख खात्यातले निवृत्त मोजणीदार, आज वय वर्षं ऐंशी. उभा जन्म साखळी आणि फीत घेऊन लोकांच्या शेतांतून फिरण्यात गेलेला, त्यामुळे अंतर म्हटलं की त्यांना हुरूप यायचा. व्हिडिओ कॉलवर त्यांनी स्वयंपाकघरातलं कोहळं आणून टेबलावर ठेवलं.

"हे बघ. इथं नागपूर, इथं तुझं गाव." त्यांनी खडूनं दोन खुणा केल्या आणि त्यांच्यामधून दोरा ताणला. दोरा आडवा न जाता सरळ वर देठाजवळून गेला. "सगळ्यात जवळचा रस्ता उत्तर ध्रुवाच्या अंगानं जातो. अंतर होतं तेवढंच आहे, ते कोणाच्या बापाला कमी करता येत नाही. वेळ जातो तो हवेशी भांडण्यात. साधं विमान सगळा रस्ता हवा कापत जाते. हे झेपयान दहा मिनिटं रॉकेटसारखं वर चढते, हवा संपली की इंजिन बंद. पुढं फेकलेल्या दगडासारखं आपल्याच वेगात जाते. अडवायलाच कोणी नाही न तिथं! सेकंदाला सात किलोमीटर! खाली येताना तेवढं पुन्हा हवेला टेकायचं."

"आणि माणसांचं काय होतं त्यात?" कौस्तुभनं विचारलं. आवाजात जरा आशा होती.

"चढताना अंगावर तिप्पट वजन. मग अर्धा तास वजनच नाही, सगळं रक्त डोक्याकडे. उतरताना पुन्हा तिप्पट. धडधाकट माणसाला काही होत नाही. हृदयाचे ठोके चुकत असले तर मात्र बसू देत नाहीत."

हे शेवटचं वाक्य कौस्तुभनं तेव्हा नुसतं ऐकलं होतं. कामाला ते पुढं आलं.

पहिल्या वर्षी तो सात वेळा नागपूरला गेला. झेपतळ शहरापासून दूर माळरानात, तपासणीला अडीच तास, म्हणजे घरापासून घरापर्यंत सगळे मिळून सहा तास. पण हे सहा तास कोणी मोजत नव्हतं. लोकांच्या तोंडी एकोणपन्नास मिनिटंच बसली होती. "ये न, तासाभराचं तर आहे," असं ताई म्हणायची. गच्चीवरची टाकी धुवायची आहे, ये न. सोसायटीच्या सभेत आपल्याकडून बोलणारं कोणी नाही, ये न. सुमनमावशीला तुला बघावंसं वाटते, ये न. एकदा तो मावशीला भेटायला गेला तर मावशी भिशीला गेली होती.

कॅलगरीच्या मराठी मंडळात ज्याचं त्याचं हेच रडगाणं. आणि रडगाणं आहे म्हटल्यावर त्यावर इलाज करणारा डॉक्टरही निघाला. डॉ. हर्षद कवठेकर, मंडळाचे माजी अध्यक्ष. गणपतीच्या आरतीनंतर ते कौस्तुभला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, एवढे दमता कशाला? तुमचे ठोके मला जरा अनियमित वाटतात."

"पण तुम्ही तपासलं कुठे?"

"तेच तर म्हणतोय. तपासलं तर नियमित निघतील."

दाखला आठवडाभरात आला : 'उजव्या कप्प्यात अधूनमधून अनियमित ठोके. झेपप्रवासास अपात्र.' कौस्तुभनं त्याचा फोटो नागपूरला पाठवला आणि खाली लिहिलं, 'काळजीचं कारण नाही. फक्त झेप बंद.'

त्याची बायको अनघा हिनं दाखला दोनदा वाचला. "तुझं हृदय उत्तम आहे," ती म्हणाली. "म्हणजे, ठोक्यांपुरतं."

पुढचे आठ महिने फार सुखाचे गेले.

जूनच्या एका सोमवारी सकाळी ताईचा फोन आला. मृण्मयी त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, फार्मसी कॉलेजात शिकवायची. लग्न केलं नव्हतं. आईबाबांजवळ कोणीतरी हवं हे घरात कधी ठरलं नव्हतं, ते तिच्याकडे आपोआप येत गेलं.

"मणक्याचं ऑपरेशन सांगितलं आहे," ती म्हणाली. "शुक्रवारी सकाळी आठला. डावा पाय बधिर होऊन राहिला, आता थांबता येत नाही म्हणतात. पाच दिवस दवाखान्यात, मग महिनाभर पडून. जवळचं माणूस पूर्ण वेळ पाहिजे. बाबा आहेत, पण ऐंशी वर्षांच्या माणसाला मी जिने चढायला लावू का? म्हणून विचारते. तुला नाही न जमणार?"

प्रश्नातच तिनं उत्तर भरून ठेवलं होतं, त्याला नुसतं उचलायचं होतं.

"ताई, ठोक्यांचं तुला माहीतच आहे..."

"हो रे. मी उगाच बोलले. विसर."

"जुन्या विमानानं आलो असतो, पण सत्तावीस तास बसणं..." इथं त्यानं एक बारीकसा उसासा सोडला. तो सोडायला नको होता हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला. "तू उसासे टाकून राहिला म्हणते मृण्मयी. तुला जास्त झालं आहे, तू सांगत नाहीस. मी येऊन राहिलो उद्या."

"बाबा! ताईचं ऑपरेशन आहे!"

"तीच म्हणाली जा म्हणून. तिचा मणका आहे, तुझं हृदय आहे. तिला दवाखान्यात नर्स असतात, आया लावली आहे. तुझ्याकडे अनघा दिवसभर ऑफिसात. माझी तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, आजोबा, तुम्ही चंद्रावरही जाऊ शकता."

बुधवारी सकाळी कौस्तुभ कॅलगरीच्या झेपतळावर उभा होता. बाबा नागपूरहून बुधवारी रात्री नऊला निघाले आणि कॅलगरीला बुधवारीच सकाळी दहा वाजून एकोणीस मिनिटांनी उतरले. याचं त्यांना फार कौतुक वाटलं.

"निघायच्या आधीच पोचलो!" ते म्हणाले आणि कौस्तुभनं उचललेली बॅग त्यांनी त्याच्या हातातून काढून घेतली. "ठेव. तू उचलायचं नाही."

"बाबा, हलकी आहे."

"मग तर मीच उचलतो." आणि गाडीपर्यंतच्या चारशे पावलांवर ऐंशी वर्षांचा म्हातारा बॅग ओढत पुढे आणि एकोणपन्नास वर्षांचा मुलगा हात मोकळे सोडून मागे, अशी वरात निघाली. सरकत्या जिन्याजवळ बाबांनी एका अनोळखी बाईला थांबवून आपल्या इंग्रजीत सांगितलं, "माय सन, हार्ट. प्लीज गिव्ह साइड." बाईनं साइड दिली. कौस्तुभ तिचे आभार मानून पुढे गेला.

बॅगेत बाबांचे कपडे दोन जोड होते. बाकी भगर, सातूचं पीठ, ताईनं स्वतः वाकता येत नसताना भाजून दिलेलं मेतकूट, आणि तिनं लिहिलेली यादी : कौस्तुभला मीठ कमी, तेल कमी, जिना नको.

बाबा आले म्हणून संध्याकाळी मंडळातली तीन जोडपी भेटायला आली. नको म्हणायला कारण सुचेना. हल्ली कौस्तुभला कारणं दाखल्यावर लिहून आल्याशिवाय सुचत नसत. जेवणं झाली. बाबांनी मोकाशी नावाच्या गृहस्थांना विचारलं, "तुम्ही गावी जाता की नाही? आता तर काय, सोपं झालं."

"नाही हो काका. मला झेप चालत नाही. ठोके."

"अरे! यालाही तेच. तुम्हाला कोणत्या कप्प्यात?"

"उजव्या," मोकाशी म्हणाले.

"मलाही उजव्या," पलीकडून देवस्थळे म्हणाले. ते कोणी न विचारता बोलणारे गृहस्थ होते; गप्प बसले असते तर बरं झालं असतं.

तिसरे गृहस्थ पाणी पिऊ लागले. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुमचंही उजवंच?"

"अधूनमधून," तिसरे म्हणाले.

"आणि तपासलं कोणी?"

"कवठेकरांनी," तिघं एकदम म्हणाले. सराव केल्यासारखं झालं.

बाबांना काहीतरी आठवल्यासारखं झालं. टोमणा मारायचा त्यांचा स्वभाव नव्हता, निदान चेहऱ्यावर तरी काही दिसत नव्हतं.

"मी नोकरीला लागलो तेव्हा एका गावाची मोजणी तपासायला पाठवलं होतं," ते म्हणाले. "सात शेतं. नकाशावर सातही शेतांची पूर्वेची बाजू एकशेबारा मीटर. बरोब्बर. मी साहेबांना म्हटलं, साहेब, शेतं काही कोणी साच्यातून काढत नाही, नाल्याच्या कडेनं पसरलेली असतात. सात शेतं सारखी कशी येतील? साहेब हसले. म्हणाले, दिगंबर, तो मोजणीदार शेतात गेलाच नाही. झाडाखाली बसून त्यानं लिहून काढलं." त्यांनी ताकाचा पेला खाली ठेवला. "आमच्या खात्यात तिला झाडाखालची मोजणी म्हणायचे."

तिघं गृहस्थ हसले. त्यांच्या बायका हसल्या नाहीत. अनघानं सगळ्यांना आणखी श्रीखंड वाढलं. कोणी नको म्हटलं नाही.

पाहुणे साडेआठला गेले तेव्हा बाहेर चांगलं ऊन होतं. जूनमध्ये तिथं सूर्याला घरी जायची घाई नसते. बाबा ओट्याशी ताटं पुसत होते. कौस्तुभनं एक ताट घ्यायला हात पुढे केला तर त्यांनी तो कोपरानं बाजूला सारला.

"बाबा, मला काही झालेलं नाही."

"सुरुवातीला असंच वाटते."

"नाही बाबा. दाखला खोटा आहे. कवठेकर सगळ्यांना देतात. मी... मला सारखं यायला नको होतं, म्हणून घेतला."

बाबांनी हातातलं ताट पुसून पूर्ण केलं. मग दुसरं घेतलं.

"म्हणजे तू आजारी नाहीस."

"नाही."

"हृदय ठीक आहे."

"हो."

"बरं झालं रे," बाबा म्हणाले. खांदे खाली आले, दोन दिवस अडकलेला श्वास सुटल्यासारखे ते ओट्याला टेकले. सुटका खरी होती. कौस्तुभनं ओरडा ऐकायची तयारी केली होती, याची केली नव्हती. त्याला वाटलं, फरशीतून खालच्या मजल्यावर जाता आलं तर बरं. पण खालच्या मजल्यावर देवस्थळे राहत होते.

"मग मी इथं काऊन आलो?" बाबांनी विचारलं. चुकीच्या फलाटावर उतरलेला माणूस विचारतो तसं, खरंच माहीत नसल्यासारखं. उत्तर त्यांनीच हळूहळू जुळवलं असावं, कारण त्यांचा चेहरा बदलला. "तिला एकटीला टाकून आलो मी. परवा आठ वाजता तिला आत नेतील." त्यांनी फडकं झटकून दांडीवर टाकलं. "सकाळची झेप किती वाजता आहे? दोन जागा घे. दोघंही जाऊ."

कौस्तुभनं दोन जागा घेतल्या. यंत्रानं दोन्हींचे पैसे घेतले, नावं घेतली, आणि प्रवासाच्या शुभेच्छाही दिल्या. त्यामुळे त्याला वाटलं, सुटलो.

गुरुवारी सकाळी साडेपाचला झेपतळावरच्या मुलीनं बाबांचं नाव टाकलं; पडदा हिरवा झाला. कौस्तुभचं टाकलं, लाल झाला.

"सर, तुमच्या हृदयाची नोंद आहे," ती म्हणाली.

"ती नोंद चुकून झाली."

"एखाद्या तळावर नाकारलेला माणूस दुसऱ्या तळावरून बसू नये म्हणून जगातल्या सगळ्या तळांची नोंद एकच असते, सर. दाखला घेताना तुम्ही सही केली आहे." तिनं सही दाखवली. कौस्तुभची सही सुरेख होती. "काढून टाकायची तर तीन तपासण्या, तीन वेगळे डॉक्टर. साधारण सहा आठवडे."

"मी याचा बाप आहे," बाबा पुढं होऊन म्हणाले. "मी सांगतो, याला काही नाही."

मुलीनं त्यांच्याकडे फार मायेनं पाहिलं. "घरचे सगळे असंच सांगतात, सर. मी समजू शकते."

दोघं बाजूला झाले. पाठीमागच्या रांगेतली माणसं पुढं सरकली. त्यांत गुडघ्याला पट्टा बांधलेली एक म्हातारी होती. तिचा पडदा हिरवा झाला.

"मृण्मयीला काय सांगू?" बाबांनी विचारलं.

"मी सांगेन, बाबा. मीच सांगतो. जुन्या विमानानं येतो. आज संध्याकाळचं आहे."

"म्हणजे शनिवारी पोचशील. ऑपरेशन झाल्यावर."

"हो."

"तर मग मी काही बोलत नाही. पण तिनं विचारलं तर खोटं सांगणार नाही. मला सवय नाही, अर्ध्यातच पकडला जाईन." त्यांनी बॅग उचलली. या वेळी कौस्तुभनं ती घ्यायला हात पुढे केला, आणि बाबांनी दिली. दारापर्यंत त्यानं ती नेली. तिथून पुढे त्याला मनाई होती.

आठच्या सुमारास वाहनतळावरून त्याला तो आवाज ऐकू आला. मग आकाशात एक पांढरी रेघ वर चढली आणि उत्तरेला वळली. तो गाडीत बसून राहिला. एकोणपन्नास मिनिटांनी बाबांचा निरोप आला : 'उतरलो.' कौस्तुभ अजून वाहनतळावरच होता.

जुन्या विमानाला आता लोक 'दवाखाना' म्हणत. त्यातून जाणारे सगळे झेपेला नाकारलेले : पोटुशा बायका, पेसमेकरवाले, कानाच्या दोषानं तोल जाणारे. कौस्तुभच्या शेजारी इंदूरच्या एक बाई होत्या. हृदयाची झडप बदललेली.

"तुमचं काय?" त्यांनी विचारलं.

"ठोके," कौस्तुभ म्हणाला. त्या विमानात दुसरं काही सांगायची सोय नव्हती.

बाईंनी त्याला पाय हलवत राहायला सांगितलं, स्वतःची उशी दिली, आणि दुसऱ्यांदा विमान बदलताना त्याच्यासाठी चाकाची खुर्ची मागवली. ती त्यानं नाकारली. सत्तावीस तासांत त्यानं घेतलेला तेवढाच प्रामाणिक निर्णय.

शनिवारी सकाळी दहाला तो दवाखान्यात पोचला. ऑपरेशन नीट झालं होतं. ताई कुशीवर होती, पाठीमागे उशा लावलेल्या. चेहरा उतरलेला, पण शुद्धीत. बाबा खिडकीशी बसले होते. अंगावर गुरुवारचाच शर्ट होता. त्यांनी मान हलवली. त्यांनी काही सांगितलं नव्हतं हे कौस्तुभला ताईच्या पहिल्या वाक्यावरूनच कळलं.

"आला का रे!" तिचा आवाज खोल गेला होता. मग नर्सला म्हणाली, "सिस्टर, याला आधी स्टूल द्या न. हृदयाचा पेशंट आहे. सत्तावीस तास बसून आला माझ्यासाठी."

सिस्टरनं लगबगीनं स्टूल आणलं, आणि फार कौतुकानं त्याच्याकडे पाहिलं. कौस्तुभ स्टूलाशेजारी उभा राहिला.

"ताई, मी पेशंट नाही," तो म्हणाला. बाकीचं त्यानं सिस्टरसमोरच सांगितलं, कारण सिस्टर जाईपर्यंत थांबला असता तर राहिलंच असतं. कवठेकर, सही, लाल पडदा. सांगायला चारपाच वाक्यं लागली. इतका कमी ऐवज निघेल असं त्याला वाटलं नव्हतं.

ताई बराच वेळ सलाइनच्या नळीकडे बघत होती. ती रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. पण ती मोजणीदाराची मुलगी होती.

"आई गेली तेव्हा तू तिसऱ्या दिवशी आलास," ती म्हणाली.

"ताई, तेव्हा झेप नव्हती. अकरा वर्षं झाली त्याला."

"तेच म्हणते. सत्तावीस तासांचं विमान होतं. मी निरोप पाठवला तेव्हापासून तू दारात येईपर्यंत पन्नास तास झाले. मी घड्याळ बघत होते, दुसरं काम नव्हतं. आईला बर्फाच्या पेटीत ठेवलं होतं. मी म्हणत होते, मी देते अग्नी. बाबा म्हणाले, पोरगा एवढ्या लांबून येऊन राहिला, थांबू." तिनं थोडा श्वास घेतला. "मधले तेवीस तास कुठे होतास?"

हा हिशेब आजवर कोणी केला नव्हता. एवढ्या मोठ्या अंतरात तेवीस तास कुठेही मावले असते, आणि मावले होते. जागा मिळाली नाही, असं त्यानं तेव्हा सांगितलं होतं, आणि स्मशानातून परतताना सगळ्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता.

बाबांनी खिडकीकडून मान वळवली.

"जागा होती," कौस्तुभ म्हणाला. "त्याच संध्याकाळची होती. दुसऱ्या दिवशी कंपनीत मीटिंग होती. मला वाटलं, आई तर गेलीच आहे... मीटिंग करून निघालो."

सिस्टर हातातल्या तक्त्यात उगाचच काहीतरी वाचत राहिली. बाबा उठले, थर्मासचं झाकण घट्ट लावलं, ते घट्टच होतं, आणि पुन्हा लावलं.

"बाबा, तुम्ही घरी जा," शेवटी ताई म्हणाली. "परवापासून पाठ टेकली नाही तुम्ही." मग कौस्तुभकडे न बघता, "तू थांब इथं. उरलेले चारही दिवस. बोलू नको पण."

बाबा त्याच्या बाजूनं गेले. दाराशी थांबून एवढंच म्हणाले, "दर दोन तासांनी कूस बदलायची आहे तिची. एकट्यानं करू नको, सिस्टरला बोलव." आणि गेले.

सिस्टरनं तक्त्यावरचं बाबांचं नाव खोडलं. "पेशंटजवळ आता तुम्ही थांबणार न? नाव सांगा." त्यानं सांगितलं. "नातं?"

ताईनं डोळे मिटले होते, पण ती जागी होती.

"भाऊ," कौस्तुभ म्हणाला.

सिस्टरनं ते लिहून घेतलं. पलंगावरून कोणी दुजोरा दिला नाही. कोणी खोडलंही नाही. त्यानं घड्याळ पाहिलं. दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. बाराच्या सुमारास तिची कूस बदलायची होती.